गार हवेचे मास्तर

गाडी बंद करायला मला चारचौघांपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात. दारात येऊन थांबतो, हँडब्रेक ओढतो आणि इंजिन तसंच चालू ठेवून बसून राहतो. बायको पिशव्या घेऊन केव्हाच आत गेलेली असते. मुलगी खिडकीतून हसते, "बाबा, झाली का तुमची पूजा?" आताच्या गाड्यांना याची तेवढी गरज राहिलेली नाही. हे मला चांगलं ठाऊक आहे, माझा धंदाच तो आहे. तरी बसतो. ही सवय ज्या माणसानं लावली त्याचा मी गुन्हेगार होतो. तो माणूस जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या गुन्ह्यापेक्षा तो माणूस फार मोठा होता, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगतो.

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. पण त्यांनी आयुष्यात कुठल्या वर्गाला एक तासही शिकवलं नव्हतं. अंबडच्या एका शाळेत ते प्रयोगशाळेत परिचर होते. चौदा वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या. "पोरं प्रयोग करून जायचे अन् मी धुत बसायचो. म्हणलं, आपला प्रयोग कधी?" एवढं एक कारण सांगून त्यांनी नोकरी सोडली आणि मेहुण्याच्या ट्रॅक्टर गॅरेजात डिझेल इंजिनाचं काम शिकले. शाळेनं निरोपाला नारळ आणि टोपी दिली. मास्तरांनी दोन्ही परत केलं आणि एक थर्मामीटर मागून घेतला.

नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडे, आमचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे शेठचं. मी तिथं सुपरवायझर होतो. औरंगाबादहून ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून आलेलो, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, आणि शर्टाला ग्रीस लागू नये म्हणून फार जपणारा. मास्तर माझ्या हाताखाली. ते मला 'साहेब' म्हणायचे. पण ते अशा सुरात की त्यात मानही असायचा आणि चिमटाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसे. दोन वस्तू असत. एक तो काचेचा थर्मामीटर आणि दुसरी नेलपॉलिशची बाटली.

थर्मामीटरचं आधी. मास्तर दिसेल त्याचं तापमान घेत. चहा आला की आधी त्यात थर्मामीटर, मग तोंड. हॉटेलवाला वैतागायचा. "मास्तर, गिऱ्हाइकं म्हणतात, तुमच्या चहाला काय टायफॉइड झालाय का?" मास्तर गंभीरपणे पारा बघून म्हणायचे, "न्हाई. पण कालच्यापेक्षा सुस्त हाय." गॅरेजच्या पत्र्याखाली किती, बाहेर लिंबाखाली किती, ओल्या टॉवेलखाली किती, हे त्यांना रोज पाठ असे. दुपारी ते डोक्यावर ओला टॉवेल घेऊन लिंबाखाली बरोबर वीस मिनिटं आडवे होत. त्यांच्या बायकोनं एकदा डबा घेऊन आल्यावर मला सांगितलं, "घरात भाकर गार झाली की भांडतंय, अन् दिवसभर लोकांच्या गाडीत हवा गार करत फिरतंय. कसं करावं सांगा, साहेब."

नेलपॉलिश गर्द डाळिंबी. अंबडच्या एका बांगड्यांच्या दुकानातून आणलेली, आणि तीच लागायची, दुसरी चालायची नाही. मास्तर ज्या स्क्रूला हात लावत, त्यावर काम झाल्यावर एक बारीक रेघ ओढत. अर्धी स्क्रूवर, अर्धी खालच्या नटावर. रेघ जुळलेली असेल तर ठीक, तुटलेली असेल तर त्यांच्यामागं कुणीतरी हात लावलेला. दुकानदारीण दर वेळी विचारायची, "कुणासाठी नेता हो ही?" मास्तर म्हणायचे, "पंपाच्या स्क्रूसाठी." तिचा कधीच विश्वास बसला नाही.

तिसरी त्यांची गोष्ट ती दोन मिनिटांची. त्या काळात टर्बो लावलेल्या जीपा आमच्याकडे नुकत्या येऊ लागल्या होत्या. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून जाळ जास्त, म्हणून ताकद जास्त. तो भयंकर वेगानं फिरतो आणि तापून लाल होतो. लांबून पळत आलेली गाडी आल्या आल्या बंद केली तर त्याला मिळणारं तेल थांबतं आणि आतल्या आत ते जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून बंद करण्याआधी इंजिन थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं. मास्तर हे ड्रायव्हरांना सांगत नसत, करायला लावत. किल्लीवरच हात ठेवायचे. "दोन मिनिटं. तिला दम टाकू द्या. तुम्ही घरी पळत आल्यावर लगेच झोपता का?"

पुढं पुढं त्यांनी ही दोन मिनिटं सगळ्यालाच लावली. भांडण झालं की दोन मिनिटं गप्प बसायचे आणि मगच उठायचे. लग्नाच्या पंगतीत हात धुवायला उठण्याआधी दोन मिनिटं पानावर तसेच बसून राहत आणि मागं ताटकळलेली पंगत त्यांना शिव्या घाली. "मास्तर, उठा की! मागच्यांनी उभ्यानं जेवावं काय?" मास्तर हात वर करून सांगायचे, "तापल्यालं बंद करत नसत्यात."

हे सगळं ऐकून मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही असं नाही. पण त्यात दुसरं काहीतरी मिसळतं.

मंठ्याचा दिगंबर म्हणून एक जीपवाला होता. शेतकरी घरातला, जाडजूड, मोठ्यानं बोलणारा. त्याची टर्बो जीप मंठा ते जालना फेऱ्या करायची, आणि हंगामात एका बियाणे कंपनीच्या साहेबांना शेतातले प्लॉट दाखवायला न्यायची. ते कंपनीचं काम त्याच्या घराचा आधार होतं. एका एप्रिलमध्ये तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "ह्या जीपला भूत लागलंय. सकाळी वाघावानी पळती. दुपारी वाटूर फाट्याच्या चढाला म्हशीवानी बसती. डिझेल बदलून बघितलं, फिल्टर बदलला, मंग लिंबू-मिरची बी बांधली."

मी पुस्तक काढलं. नोझल बघा, टायमिंग बघा, असं सांगितलं. सगळं बघितलं, सगळं ठीक. दुपारी जीप पुन्हा म्हैस.

मास्तरांनी टर्बोतून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग त्या पाइपाला भोक पाडलं, रबरी बुचातून आपला थर्मामीटर त्यात बसवला, जीपचं बॉनेटच काढून ठेवलं आणि डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून स्वतः पुढच्या मडगार्डवर चढून बसले. "चला." दिगंबरनं जीप मंठ्याच्या रस्त्याला घातली, मी शेजारी. भर दुपारी एक माणूस उघड्या इंजिनापाशी उकिडवा बसून पाऱ्याकडे बघतोय, हे दृश्य बघायला रस्त्यावरच्या बैलगाड्या थांबल्या. एका म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, "काय झालंय रं जीपला?"

"ताप हाय!" मास्तर ओरडले.

चढ लागला. पारा चढत गेला, शंभराच्या वर गेला आणि टच्च असा आवाज होऊन थर्मामीटर फुटला. शाळेतून मिळालेला, इतक्या वर्षांचा. मला वाईट वाटलं. मास्तर मात्र मडगार्डवरून उतरून रस्त्यात जवळजवळ नाचले. "बघितलं का, साहेब? पाणी उकळंल एवढी गरम हवा आपण इंजनला पाजून राह्यलो! अन् म्हणतो, पळ!"

मग तिथंच, बाभळीखाली, त्यांनी दिगंबरला समजावून सांगितलं. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण यापेक्षा चांगलं मला कुणी सांगितलेलं नाही.

"जिनिंगला कापूस देतो ना तू? सुट्टा कापूस किती मावतो गाडीत?"

"थोडकाच."

"अन् दाबून गाठ बांधली की?"

"मंग लई मावतो."

"टर्बो तेच करतो. हवेची गाठ बांधतो. पण हवा दाबली की तापती. सायकलला पंप मारताना खालचं तोंड तापतं न्हाई का? तसं. अन् तापली की परत फुगती. म्हणजे एका हातानं गाठ बांधायची अन् दुसऱ्या हातानं सोडायची. सकाळी बाहेरची हवा गार असती म्हणून निभतं. दुपारी न्हाई निभत."

"मंग?"

"मंग दाबल्यावर तिला गार करायची. इंजनात जायच्या आधी."

दिगंबर जीपकडे बघत म्हणाला, "म्हणजे माझ्या जीपला माठ बसवणार तुम्ही?"

"बराबर," मास्तर म्हणाले. "हवेचा माठ."

आज त्याला इंटरकूलर म्हणतात आणि तो कारखान्यातूनच बसून येतो. तेव्हा आमच्या भागातल्या जीपांत तो नव्हता. मास्तरांनी तो भंगारातून शोधला. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या, त्यामुळं देशोदेशीचं भंगार इथं येऊन पडतं. मास्तर आठवडाभर रोज सकाळी भंगाराच्या ढिगांवर फिरत, जाळ्या उचलून उन्हात धरत, बोटानं दाबून बघत. भंगारवाला म्हणायचा, "मास्तर, भेंडी घेऊन राह्यले का?" शेवटी कुठल्या तरी परदेशी यंत्राची एक ॲल्युमिनियमची जाळी सापडली, दोन्ही बाजूंनी नळ्यांची तोंडं असलेली. ती त्यांनी धुतली, पाण्यात बुडवून फुंकून बघितली, जीपच्या रेडिएटरपुढं बसवली आणि टर्बोचा पाइप तिच्यातून फिरवून इंजिनाला जोडला. नवा थर्मामीटर आणला, पुन्हा मडगार्डवर बसले. या वेळी त्याच चढाला पारा बराच खाली राहिला आणि जीप दुपारी सकाळसारखी चढली. दिगंबर वाटूर फाट्यावर उतरला आणि बॉनेट नसलेल्या जीपला त्यानं खरोखर नमस्कार केला.

इथपर्यंतची गोष्ट मी कुठंही सांगतो. इथून पुढची बरीच वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

आठ दिवसांत मंठ्याचे, अंबडचे जीपवाले आमच्या गॅरेजला येऊ लागले. येत आणि माझ्यासमोरून जाऊन विचारत, "मास्तर कुठं हायेत?" मी टेबलाशी बसलेलो. टेबलावर माझ्या नावाची पाटी. डिप्लोमा फ्रेम करून भिंतीला लावलेला. एकानं तर मलाच सांगितलं, "भाऊ, जरा मास्तरला बोलवा." मी बोलवायला गेलो. त्या जाण्यात जे मनात आलं, त्याला मत्सर याखेरीज दुसरा शब्द नाही.

दिगंबर पुन्हा आला, तेलपाणी बघायला. माझ्यासमोर त्यानं मास्तरांना गळ घातली. "आता एवढं केलंच हाय, तर आणखी थोडी ओढ वाढवा ना. पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं म्हणतात."

"न्हाई."

"आता कूलर हाय की!"

"जेवढी हवा, तेवढंच डिझेल. हवा आधी, डिझेल मागून. उलटं केलं की जाळ पिस्टनला खातो. अन् मे महिना हाय." मास्तर एवढं बोलून टॉवेल ओला करून लिंबाखाली गेले. दिगंबर बाजारात गेला.

जीप माझ्यासमोर उभी. मी विचार केला, थोडं वाढवलं तर काय होतं? पुस्तकात थोडी सवलत असतेच. दिगंबर आठवड्यानं येईल, म्हणेल जीप उडते, आणि मग मी सहज म्हणेन, हो, मी थोडं बघितलं होतं. हे वाक्य मी मनात घोळवूनही ठेवलं होतं. पान्हा घेतला आणि डिझेल मोजून सोडणाऱ्या त्या पंपाचा स्क्रू जवळजवळ एक आटा फिरवला. डाळिंबी रेघ तुटली. बाटली मास्तरांच्या खिशात, आणि मास्तर झोपलेले. माझं घर दोन गल्ल्या सोडून होतं. जेवायला गेलो आणि बायकोच्या फळीवरची बाटली खिशात घालून आणली. जुनी रेघ खरवडली, नवी ओढली. मला दोन्ही रंग लालच दिसले.

दहाव्या दिवशी जीप ट्रॅक्टरला बांधून आली. त्याच चढाला, भर दुपारी, माणसं भरलेली असताना इंजिननं धडाधड आवाज केला होता आणि पांढरा धूर सोडून ते थांबलं होतं. कुणाला लागलं नाही, एवढंच दैव. पण आत कंपनीचे साहेबही होते. त्यांनी तिथूनच दुसरी गाडी केली, आणि दिगंबरचं काम त्याच दिवशी गेलं.

इंजिन मास्तरांनी स्वतः उघडलं. एका पिस्टनचा माथा मेणासारखा वितळून मध्ये भोक पडलेलं. त्या भोकात त्यांनी बोट घालून बघितलं. मग पंपाकडे वळले. वाकले. आणखी जवळ गेले. खिशातून आपली बाटली काढली, त्या रेघेशेजारी धरली आणि पुन्हा खिशात ठेवली. मी तीन फुटांवर उभा होतो. ते वळून माझ्याकडे बघतील म्हणून मी हातातली चिंधी घट्ट धरली. त्यांनी बघितलं नाही.

शेठनं आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. दिगंबर तिथं होता. त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. शेठ मास्तरांना म्हणाले, "तुमच्या ह्या खेळण्यानं माणसाचं इंजन खाल्लं. कंपनीनं जे बसवलं न्हाई ते बसवायला तुम्हाला सांगितलं कुणी? काय म्हणणं हाय तुमचं?"

मास्तर स्टुलावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. "शेठ, दोन मिनिटं द्या."

शेठला वाटलं, म्हातारा राग गिळतोय. दिगंबरला काय वाटलं, मला माहीत नाही. ती दोन मिनिटं कुणासाठी होती हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. भिंतीवर घड्याळ होतं, त्याचा काटा मला ऐकू येत होता. त्यांनी माझ्याकडे एकदा जरी बघितलं असतं तरी मी बोललो असतो, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी नसतो बोललो.

दोन मिनिटं झाली. मास्तर उठले. "बरं. येतो मंग," म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी जीपवरची ती जाळी सोडवली, टॉवेलात गुंडाळली, काखेत मारली आणि अंबडच्या एसटीला निघून गेले. परत आले नाहीत.

आमच्या भागात 'मास्तरचा कूलर' ही म्हणच पडली. बिघडलेला पंखा असो, गळकी बादली असो, नापास झालेलं पोरगं असो, "मास्तरचा कूलर हाय झालं!" मी ते ऐकायचो. कधीकधी हसणाऱ्यांत सामीलही व्हायचो.

वर्षं गेली. मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागलो. नव्या गाड्या यायला लागल्या, त्यांच्या जाळीमागं कंपनीनंच बसवलेला इंटरकूलर. एकदा कंपनीच्या प्रशिक्षणात मला सांगितलं, उठून सगळ्यांना सोप्या भाषेत समजावून सांगा. मी कापसाच्या गाठीचं उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या. शिकवणारे साहेब म्हणाले, "वा, हे तुमचं स्वतःचं का?" मी 'हो' म्हणालो नाही. पण 'नाही'सुद्धा म्हणालो नाही. खाली बसलो तेव्हा कान तापले होते. पुढच्या रविवारी मी अंबडची वाट धरली.

गावाबाहेर, रस्त्याला लागून एक पत्र्याचं शेड, मागं मास्तरांचं घर, बाहेर लिंब. मी गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं, सवयीनं. दोन मिनिटं झाली. तीन झाली. पाच झाली असतील. किल्ली फिरवली की उतरावं लागणार होतं, आणि हात किल्लीकडे जात नव्हता.

शेडमधून आवाज आला. "कोण हाय? झाले की दोन मिनिटं! आता नुसतं डिझेल जाळून राह्यले." आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मास्तर बाहेर आले. केस पांढरे, खिशात थर्मामीटर आणि बाटली. मला बघून थांबले. "अरे, साहेब!"

मी उतरलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. स्क्रू, रेघ, बायकोची बाटली, ते घोळवून ठेवलेलं वाक्यसुद्धा.  मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची रेघ गुलाबी व्हती."

"म्हणजे तुम्हाला..."

"त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत, मास्तर?"

"तुमच्यासाठी थांबलो व्हतो ना. दोन मिनिटं." मग थोडं हसून, "इंजनला दोन मिनिटं पुरतात. माणूस सावकाश गार व्हतो, येळ लागायचाच."

मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी खांदा धरून उभं केलं. "मला सांगून काय उपयोग? माझं इंजन न्हाई जळलं. दिगंबरला सांगा."

मी म्हणालो, जाईन पुढच्या रविवारी. मास्तरांनी शेडला कडी घातली आणि माझ्या गाडीत येऊन बसले. "आजबी रविवारच हाय. मी संगं येतो. पण बोलणार तुम्ही. मी एक शब्द बोलायचो न्हाई."

जालन्यावरून मंठ्यापर्यंत ते खरंच काही बोलले नाहीत. खिडकीबाहेर हात काढून हवा बघत बसले होते. फक्त वाटूर फाट्याच्या चढाला म्हणाले, "तुमची गाडी गोड चढती."

दिगंबरच्या अंगणात दोन जीपा उभ्या होत्या. एक नवी आणि एक जुनी. जुनीच्या पुढच्या जाळीतून आत काहीतरी चमकलं. मी वाकून बघितलं. तीच ॲल्युमिनियमची जाळी! एसटीनं निघून गेलेले मास्तर पुढच्याच महिन्यात मंठ्याला आले होते, याच अंगणात वीस दिवस राहून त्यांनी इंजिन नव्यानं बांधून दिलं होतं आणि कूलर परत बसवला होता. दिगंबरच मला सांगत होता. "म्हणले, परत जळलं तर जन्मभर तुझी जीप ढकलीन. म्या इच्यारलं, मंग मागं जळलं कशानं? तर म्हणले, ज्याला ठाऊक हाय तो येऊन सांगंल. आजपतूर कोणी आलं न्हाई बघा."

"मी आलोय," मी म्हणालो. आणि सांगितलं.

दिगंबरचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. तो उठला, दोन पावलं माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मारणार, आणि मारावंच असंही वाटलं. मग तो मागं फिरला, जुन्या जीपच्या पायरीवर जाऊन बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. मास्तरांनी घड्याळात बघितलं नाही, पण मला माहीत आहे, ते मोजत होते.

"माझी बियाणाची गाडी गेली तुमच्यापायी," शेवटी तो म्हणाला. "दोन वर्षं उलथापालथ झाली घरात. अन् म्या ह्या माणसावर शक घेत व्हतो. त्यानं इंजन बांधून दिलं, तरीबी मनातून न्हाई गेला शक." तो उठला. "इथं सांगून भागत न्हाई, इंजिनेर साहेब. स्टँडवर चला. तिथं मास्तरच्या कूलरला दात काढणारे बसलेत."

मंठ्याच्या जीप स्टँडवर सात-आठ ड्रायव्हर पत्ते खेळत होते. दिगंबरचा आवाज परत आला होता. "ऐका रे! हे साहेब काहीतरी सांगून राह्यले!" पत्ते खाली ठेवले गेले. मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्या दोन वेळांपेक्षा ते अवघड होतं, कारण यांतल्या कुणी मला माफ करावं असा काही संबंधच नव्हता. "मास्तरांच्या कूलरमध्ये खोट नव्हती. खोट माझ्यात होती," असं म्हणून मी थांबलो.

 मग नुकताच येऊन चालू जीपपाशी उभा राहिलेला एक जण, तोंडात बिडी तशीच ठेवून, माझ्याकडे न बघता मास्तरांना म्हणाला, "मास्तर, माझ्याबी जीपला बसंल का तो?"

"आधी इंजन बंद कर तुझं," मास्तर म्हणाले. "न्हाई, थांब. आत्ताच आल्ता ना तू? दोन मिनिटं."

सगळे हसले. मीही. त्या हसण्यात कुणाची थट्टा नव्हती, निदान मास्तरांची तरी नव्हती. दिगंबरनं चहा मागवला. माझा कप माझ्यासमोर त्यानं जरा आपटूनच ठेवला. पण ठेवला. मास्तरांनी थर्मामीटर काढला, आधी माझ्या कपात बुडवला आणि पारा बघून मान हलवली. "घ्या. पिण्याजोगा झालाय."

अंबडला परतेपर्यंत ऊन कललं होतं. शेडसमोर मी गाडी उभी केली. मास्तर उतरले नाहीत. मीही नाही. पुढं इंजिन संथ लयीत चालू होतं आणि लिंबाची सावली बॉनेटवर हलत होती. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावरून हात पुढं केला, किल्ली आपल्या हातानं फिरवली आणि म्हणाले, "झाले दोन मिनिटं, साहेब. आता घरात चला. ती भाकरी टाकून राह्यली असंल."